एका विशेषणाचा हिशेब

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता देशभर लागू केल्या आणि एकोणतीस जुने कायदे इतिहासजमा झाले. त्यांत १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदाही होता. संहितांविषयी वृत्तपत्रांनी पुष्कळ लिहिले. उद्योगांना काय मिळाले, कंत्राटी कामगारांचे काय होणार, पगारातून भविष्यनिर्वाह निधीची कपात किती वाढेल, यांवर तक्ते आले, मुलाखती आल्या. वृत्तपत्रांच्या स्वतःच्या घरातला सत्तर वर्षांचा कायदा गेला, या गोष्टीला मात्र मी वाचतो त्या दैनिकांत तरी फारशी जागा मिळाली नाही. दुसऱ्यांच्या संपाची बातमी देताना आपल्या पगाराविषयी अवाक्षर काढायचे नाही, ही या व्यवसायाची जुनी सवय आहे.

मी पत्रकार नाही. बँकेत नोकरी केली आणि कादंबऱ्या लिहिल्या. पण शब्दाचा अर्थ काय, हा लेखकाच्या कुतूहलाचा विषय आहे आणि एखाद्या व्याख्येत कोण बसतो, कोण बसत नाही, यावर बँकेतल्या माणसाचा निम्मा जन्म जातो. ‘श्रमिक पत्रकार’ या जोडशब्दात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले आहेत. त्यातले ‘श्रमिक’ हे विशेषण आज बोलण्यातून जवळजवळ नाहीसे झाले आहे. पुणे श्रमिक पत्रकार संघासारख्या संस्थांच्या नावात ते उरले आहे. तरुण पत्रकाराच्या ओठावर ते क्वचितच येते. ते का आले होते आणि त्याच्या जाण्याने कोणाचे काय जाते, हे एकदा पाहायला हवे.

कर्ते, कार आणि हर

वृत्तपत्राच्या माणसाला मराठीत शब्दांची कमतरता कधीच नव्हती. ‘बातमीदार’ हा जुना शब्द. छापखाना येण्याआधीपासून तो मुलखाची खबर आणणाऱ्याला लावला जाई. ‘वार्ताहर’ म्हणजे वार्ता वाहून नेणारा. आणि ‘पत्रकार’ हा कुंभकार, सुवर्णकार, ग्रंथकार यांच्या पंगतीतला, म्हणजे पत्र घडवणारा. एक बातमी बाळगतो, दुसरा ती वाहतो, तिसरा पत्र घडवतो. भाषेने कामाची वाटणी किती नीट करून ठेवली आहे पाहा.

एकोणिसाव्या शतकात ‘पत्रकर्ते’ हा शब्द रूढ होता. शिवराम महादेव परांजपे यांना आजही ‘काळकर्ते’ म्हणतात. बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पणकार’ झाले, विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमालाकार’. या ‘कर्ते’ आणि ‘कार’ मंडळींत एक साम्य होते. पत्र त्यांचे स्वतःचे किंवा त्यांच्या मित्रमंडळाचे होते. लिहिणारा, छापवून घेणारा, वर्गणी गोळा करणारा आणि वेळ आली तर तुरुंगात जाणारा माणूस एकच असे. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते याच नात्याने.

पोटासाठी त्यांच्यापैकी अनेकांची दुसरी सोय होती. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. आगरकर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढत होते तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवतही होते. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो तेव्हा ज्या थोर माणसाला हार घालतो, त्याची चूल पत्रकारितेवर पेटत नव्हती, हे सहसा कोणी बोलत नाही. यात त्यांच्या मोठेपणाला काही उणे येत नाही. पण पत्रकारिता हे व्रत आहे आणि व्रताचा पगार मागायचा नसतो, ही समजूत आपल्याकडे आली ती इथूनच. मालकांना ती सोयीची होती आणि पत्रकारांनाही काही काळ गोड वाटली.

त्या काळात एक माणूस मात्र वेगळा होता. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवत होते आणि मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटनाही उभी करत होते. १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्यांच्या प्रयत्नांनी. आज वाचक ही पुरवणी सवडीने वाचत आहेत, त्या सवडीमागे एका पत्रकर्त्याची खटपट आहे. मात्र कामगाराला मिळालेली आठवड्याची सुटी पत्रकाराला हक्क म्हणून मिळायला आणखी पासष्ट वर्षे जावी लागली.

‘काम करणारा’ पत्रकार

विसाव्या शतकात वृत्तपत्र हा उद्योग झाला. भांडवल, रोटरी यंत्रे आणि जाहिराती आल्या. पत्र चालवणारा आणि पत्रात काम करणारा अशी दोन माणसे झाली, पण दोघांनाही शब्द एकच होता. म्हणून १९५० साली देशपातळीवर पत्रकारांचा महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात पत्रकाराआधी ‘वर्किंग’ हे विशेषण घातले गेले. मालक-संपादकांपासून आपण वेगळे आहोत, एवढे त्यातून सांगायचे होते. हिंदीत त्याचे ‘श्रमजीवी’ झाले, मराठीत ‘श्रमिक’. ‘कार्यरत’ असे कोरडे भाषांतर मराठीने केले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. गिरणगावाच्या भाषेतला, मोर्च्याच्या फलकावरचा शब्द उचलून तो लेखणीवाल्याच्या नावाआधी लावला गेला. अग्रलेख लिहिणाऱ्या माणसाने आपण श्रमिक आहोत असे म्हणणे त्या काळी सोपे नव्हते. पांढरपेशा मनाला हा शब्द टोचत असणार.

कायद्यालाही तो पटकन पचला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत पत्रकार बसतो की नाही, हा वाद होता. अंगमेहनत नाही, कारकुनी नाही, मग हा कोण? १९५२ मध्ये नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाने हा प्रश्न हाती घेतला. आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष. १९५४ मध्ये अहवाल आला आणि १९५५ च्या डिसेंबरात कायदा झाला. संपादकापासून उपसंपादक, बातमीदार, वार्ताहर, व्यंगचित्रकार, वृत्तछायाचित्रकार आणि मुद्रितशोधकापर्यंत सर्वांची नावे त्या व्याख्येत आली. चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, सात दिवसांत सलग २४ तासांची विश्रांती, कामावरून कमी करायचे तर संपादकाला सहा महिन्यांची आणि इतरांना तीन महिन्यांची नोटीस. खिळेजुळारी आणि यंत्रावरची माणसे या कायद्यात यायला मात्र १९७४ ची दुरुस्ती व्हावी लागली. श्रमिकांतही वरची आणि खालची आळी होतीच.

पगारासाठी वेतन मंडळे आली. दिवाटिया मंडळाचा निर्णय मालकांची देण्याची ऐपत तपासली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रद्द केला. पुढे शिंदे, पालेकर, बच्छावत, मणिसाना आणि शेवटी मजिठिया, अशी मंडळांची मालिका झाली. आम्हा बँकवाल्यांना हे ओळखीचे आहे. शास्त्री आणि देसाई निवाड्यांनी आमच्या कारकुनांचे आयुष्य बदलले. ‘अवॉर्ड स्टाफ’ हा शब्द बँकेत अभिमानाने उच्चारला जाई. बढती मिळून अधिकारी झालेला माणूस त्या छत्रातून बाहेर पडे. खुर्ची मोठी होई, पण ओव्हरटाइम बंद होई आणि संघटना बदले.

वृत्तपत्रांत हेच घडले, पण बढतीशिवाय. १९९० च्या दशकापासून कंत्राटी नेमणुका वाढल्या. तरुणाला मोठे पदनाम, बरा आकडा आणि दोन-तीन वर्षांचा करार मिळू लागला. मणिसाना किंवा मजिठियाचा श्रेणीतक्ता त्याला जुनाट वाटला तर त्याचा दोष नाही. हातात येणारी रक्कम खरोखरच जास्त असे. ‘श्रमिक’ हे विशेषण त्याच सुमारास बोलण्यातून गळू लागले. नंतर मंदी आली, महामारी आली, करार संपले. आणि कराराच्या कागदात नोटिशीचा कालावधी एक महिना लिहिलेला आहे, हे तेव्हा लक्षात आले. मजिठिया मंडळाच्या शिफारशी सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. कंत्राटी पत्रकारही त्यांत येतात, हे त्याच न्यायालयाला १९ जून २०१७ रोजी पुन्हा सांगावे लागले. ‘मला माझा सध्याचा पगार मान्य आहे’ अशा आशयाच्या लेखी पत्रांचा मुद्दाही त्या निकालात होता. निवाड्यापेक्षा कमी वेतन स्वीकारण्यासाठी त्या तरतुदीचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कोणता नोकरदार राजीखुशीने कमी पगार मागेल, हे समजायला खरे तर न्यायालयाची गरज पडू नये.

सदसद्विवेकबुद्धीची ग्रॅच्युइटी

जुन्या कायद्यातली एक तरतूद मला त्याच्या सगळ्या पगारतक्त्यांपेक्षा मोलाची वाटते. १९६२ च्या दुरुस्तीनंतर तिचे रूप असे होते: पत्रकाराने स्वेच्छेने राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटीसाठी दहा वर्षांची नोकरी हवी, पण त्याने सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून राजीनामा दिला, तर तीन वर्षे पुरेत.

हे वाक्य सावकाश वाचावे. पत्राचे धोरण बदलले, मालक बदलला, आपल्याला खोटे वाटते ते लिहायला सांगितले गेले, म्हणून एखादा माणूस उठून गेला, तर त्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी सोय देशाच्या संसदेने केली होती. अशी सोय बँक कर्मचाऱ्याला नव्हती, गिरणी कामगाराला नव्हती. कर्जप्रकरणावर सही करायला मन धजत नाही म्हणून एखादा बँक अधिकारी नोकरी सोडून गेला, तर त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला कोणत्याही परिपत्रकात रकाना नव्हता. पत्रकार श्रमिक आहे, पण त्याच्या श्रमात विवेक मिसळलेला आहे आणि तोही जपला पाहिजे, हे कायद्याने ओळखले होते. व्रत आणि वेतन यांची जी फारकत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली, ती या एका ओळीत मिटली होती.

नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत श्रमिक पत्रकाराला ग्रॅच्युइटीसाठी तीन वर्षे पुरेशी आहेत, राजीनाम्याचे कारण कोणतेही असो. इतरांना सामान्यतः पाच वर्षे लागतात. रुपयांत मोजले तर हा फायदाच आहे आणि तसे मान्य केले पाहिजे. विवेकाचे कारण सिद्ध करत बसण्याची कटकट गेली. पण हिशेब जुळला म्हणून सगळे जुळले असे होत नाही. ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द कायद्यातून गेला. पैसे राहिले आणि ते कशासाठी दिले जात होते, ते कारण पुसले गेले. उद्या तीनाची पाच वर्षे करण्याचा प्रस्ताव आला, तर पत्रकारालाच सवलत का, या प्रश्नाला उत्तर देणारी ओळ आता पुस्तकात नाही.

‘प्रतिनिधी’ आणि ‘वार्ताहर’

आता या शब्दांच्या सर्वांत खालच्या पायरीवर यावे. मराठी दैनिकांचे नियमित वाचक बातमीच्या माथ्यावरचा छोटा शब्द पाहत असतील. कुठे ‘विशेष प्रतिनिधी’ असते, कुठे ‘प्रतिनिधी’, कुठे ‘वार्ताहर’. हा नुसता शैलीचा फरक नाही. अनेक दैनिकांत ‘प्रतिनिधी’ म्हणजे पगारपत्रकावरचा माणूस आणि ‘वार्ताहर’ म्हणजे तालुक्याच्या गावातला, बातमीमागे किंवा महिन्याकाठी ठरलेल्या मानधनावर काम करणारा माणूस. तो बहुधा जाहिरातीही आणतो आणि त्यावरच्या कमिशनवर त्याचा खर्च निघतो. कधी वृत्तपत्राची एजन्सीही त्याच्याच घरात असते. ज्या सहकारी संस्थेच्या कारभाराची बातमी द्यायची, तिचीच वर्धापनदिनाची जाहिरात त्याने मिळवायची, अशी ही व्यवस्था आहे.

ग्रामीण शाखेत असताना असाच एक वार्ताहर दुचाकीच्या कर्जासाठी माझ्याकडे आला होता. अर्जावर त्याने ‘व्यवसाय: पत्रकार’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. पगाराचा दाखला नव्हता. नेमणुकीचे पत्र नव्हते. पत्राचे ओळखपत्र होते, त्यावर मुदत संपल्याची तारीख होती. सोबत त्याने कात्रणांची एक जाडजूड वही आणली होती. पाझर तलाव, रेशन, शाळेचे पत्रे, सगळे त्यात होते. गावात त्याचे स्टेशनरीचे छोटे दुकान होते. कर्ज मंजूर झाले ते ‘किरकोळ व्यापारी’ म्हणून. त्याने सही केली आणि म्हणाला, “साहेब, गाडी तर बातमीसाठीच लागते.” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

कायद्यातली खरी मेख इथे आहे. जुन्या कायद्यात आणि नव्या संहितेतही श्रमिक पत्रकार म्हणजे ज्याचा ‘मुख्य व्यवसाय’ पत्रकारिता आहे आणि जो पत्रकार म्हणून नोकरीला आहे असा माणूस. अंशकालीनही चालतो, ही सोय १९८१ च्या दुरुस्तीने आली आणि संहितेतही टिकली. पण मुख्य व्यवसाय कसा ठरवायचा? पत्राने मानधन इतके थोडे द्यायचे की माणसाला दुकान काढावेच लागेल. मग दुकान आहे म्हणून पत्रकारिता हा त्याचा मुख्य व्यवसाय नाही, असे म्हणायचे. कायद्याच्या यादीत ‘करस्पॉन्डंट’, म्हणजे शब्दशः वार्ताहर, १९५५ पासून आहे. आणि वृत्तपत्रांच्या व्यवहारात वार्ताहर म्हणजेच जो यादीत नाही तो. एकाच शब्दाचे असे दोन उलटे अर्थ मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडतील.

संकट मात्र व्याख्या विचारून येत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूर येथे शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला मोटारीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरी प्रकल्पाच्या वादावर ते लिहीत होते. या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. ज्या माणसांना अशा जागी उभे राहून लिहावे लागते ती बहुतेक तालुक्यातली असतात. मुंबईच्या इमारतीत सुरक्षारक्षक असतो. राजापूरच्या रस्त्यावर माणूस आणि त्याची दुचाकी.

महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा मंजूर केला, ही चांगलीच गोष्ट झाली. कंत्राटी पत्रकाराला त्याने आत घेतले. पण ‘मुख्य व्यवसाय’ आणि ‘नोकरीला असलेला’ या दोन अटी त्याच्याही व्याख्येत आहेत. ज्येष्ठ पत्रकारांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने सन्मान योजना आहे. तिथेही दीर्घ अनुभवाचे पुरावे लागतात. अधिस्वीकृतीसाठी संपादकाचे पत्र लागते. ज्याच्या नावाचे एकही पत्र कोणी कधी दिले नाही, त्याने तीस वर्षांचा पुरावा आणायचा कुठून? कात्रणांच्या वहीतल्या बातमीवर नाव नसते. ‘वार्ताहर’ एवढेच असते.

शब्द मोठा, माणूस लहान

आज ‘पत्रकार’ या शब्दाचा पसारा वाढला आहे. वृत्तवाहिनीवरचा निवेदक, मोबाइल हातात धरून ग्रामसभेचे चित्रण करणारा तरुण, स्वतःची यूट्यूब वाहिनी चालवणारी मुलगी, सगळेच पत्रकार. मोटारीच्या काचेवर तो शब्द चिकटवून फिरणारेही आहेत. ‘पत्रकार परिषद’ तर पत्रकार घेतच नाहीत, पुढारी घेतात. नव्या संहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत दृक्श्राव्य आणि डिजिटल माध्यमे आणली, ही मोठी आणि रास्त सुधारणा आहे. वाहिनीच्या बातमीदाराला इतकी वर्षे हे छत्र नव्हते. १४४ तासांची मर्यादाही राखली आहे. जुन्या धर्तीची वेतन मंडळे मात्र आता नाहीत. आणि यादीत ‘मुद्रितशोधक’ अजून आहे, पण अनेक कचेऱ्यांतून त्याचे टेबल कधीच उचलले गेले. वाचकांना ते रोज सकाळी कळतेच.

शब्द मोठा झाला की त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला सावली मिळेलच असे नाही. ‘पत्रकार’ म्हणून मान मिळतो. पुढची खुर्ची, नारळ, शाल मिळते. ‘श्रमिक पत्रकार’ म्हणून रजा, नोटीस, ग्रॅच्युइटी मिळते. पहिला शब्द समाज देतो, दुसरा कागदावर मिळवावा लागतो. पहिल्याच्या झगमगाटात दुसरा विसरला गेला, हे गेल्या तीस वर्षांचे नुकसान आहे. आणि ते एकट्या पत्रकारांचे नाही. ज्या बातमीदाराचे घर जाहिरातीच्या कमिशनवर चालते, त्याच्याकडून जाहिरातदाराविरुद्धची बातमी मागण्याचा नैतिक अधिकार वाचकाला उरत नाही.

मोठ्या सुधारणा होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक दैनिकाने एक लहान, बिनखर्चाचे काम करावे, असे बँकेत कागदावरच माणसाची पत ठरताना पाहिलेल्या मला वाटते. आपल्या प्रत्येक वार्ताहराला, लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, चार ओळींचे पत्र द्यावे: अमुक तारखेपासून आमच्यासाठी बातमीदारी करतात, अमुक दराने मानधन घेतात, जाहिरात मिळवणे हे त्यांच्या कामाचा भाग आहे किंवा नाही. दरवर्षी एप्रिलात ते नवे करावे. पत्रकार संघांनीही सभासदांच्या यादीत वार्ताहरांना आणावे आणि या पत्राचा आग्रह धरावा. हे पत्र हाती असेल तर कामगार कार्यालयात, पोलीस ठाण्यात, योजनेच्या अर्जाबरोबर आणि बँकेतही दाखवायला काहीतरी असेल. मुख्य व्यवसाय कोणता, हा वाद मग निदान सुरू तरी करता येईल. आज त्या माणसाजवळ तो सुरू करण्याइतकाही कागद नाही.